दोनदा भिजलेलं पाकीट

कप्तान उभ्या आयुष्यात जहाजावर चढले नव्हते. एकदा बागेतल्या तळ्यात मेव्हण्याच्या आग्रहाखातर पायडलच्या होडीत बसले, तर अर्धा फेरा व्हायच्या आत पोटातलं सगळं बाहेर काढून उतरले. नोकरी नळखात्यात, घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचण्याची. तरी जुन्या काळी टपाल वाहणारं कुठलं जहाज कुठल्या वारी सुटायचं, वाटेत कोळसा कुठे घ्यायचं आणि वादळ आलं तर पत्रांच्या थैल्या कुठे उतरवायचं, हे त्यांना स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्कं पाठ होतं. म्हणून कप्तान.

चष्मेताईंचं नाव त्याहून सरळ पडलं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे बसून काचा घासायच्या हा धंदा आणि मागच्या खोलीत जुनी पाकिटं भिंगाखाली धरायची हा नाद. कप्तान समुद्राच्या टपालाचे, ताई विमानाच्या टपालाच्या. टपाल इतिहास मंडळात दोघांची गाठ पडली तेव्हा सुरुवातीची वर्षं जहाज मोठं की विमान मोठं ह्या भांडणातच गेली. पुढे ध्यानात आलं की कितीतरी पत्रांनी अर्धी वाट हवेतून आणि अर्धी पाण्यावरून काढली आहे. मग पत्रांना जमलं ते आपल्याला का जमू नये, असं म्हणून दोघं एका टेबलाशी बसू लागले.

हा नाद ज्याला नाही त्याला समजावणं कठीण. तिकिटं जमवणारे वेगळे. ह्यांना तिकिटाचं फार कौतुक नाही, आणि आतलं पत्र तर वाचायचंच नाही, ते दुसऱ्याचं. ह्यांना हवं नुसतं पाकीट. त्यावरचे शिक्के, खाडाखोड, डाग, घड्या बघून ते कुठून निघालं, कशातून गेलं, कुठे अडकलं ते शोधायचं. कप्तानांनी मंडळात एक वाक्य रूढ केलं होतं, "कागद बोलतो, माणूस नाही." कुणाच्या आजोबांनी काय सांगितलं, विकणाऱ्याने कुणाची शपथ घेतली, सगळं बाजूला ठेवा आणि कागदाला विचारा.

आणि एक शब्द होता, तो मंडळात शिवीसारखा वापरला जायचा. सजवलेलं. साध्या पाकिटावर मागाहून शिक्का उठवला, मुद्दाम डाग पाडला, आहे त्यापेक्षा भारी करून दाखवलं, की ते पाकीट सजवलेलं. नवरी सजवावी, घर सजवावं. पाकीट सजवलं की तो माणूस मंडळातून उठला. एका वकिलांनी असा उद्योग केला तेव्हा कप्तानांनी भर बैठकीत त्यांना दार दाखवलं होतं. वकील गयावया करत होते, एकच चूक झाली म्हणत होते. कप्तान म्हणाले, "एक सजवलं म्हणजे बाकीच्यांवर विश्वास कुणी ठेवायचा? उचला सगळं." तेव्हापासून बाजारात वकील समोर आले तरी चष्मेताई दुसरीकडे बघायच्या.

म्हणूनच त्या सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत ताईंनी एकच पाकीट पुन्हापुन्हा भिंगाखाली धरलं.

दुपारी वाचनालयाच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन होतं. बाहेरगावचे परीक्षक यायचे होते, आणि त्यांच्यापुढे दोघांचा इतक्या वर्षांचा अभ्यास पहिल्यांदाच मांडला जाणार होता. आदल्या संध्याकाळी कप्तान सगळी पानं दुकानात ठेवून गेले. ताईंचा हात स्थिर, तेव्हा चौकटीत पानं बसवायचं काम त्यांचं. जाताना कप्तान दारातून मागे वळून म्हणाले होते, "मधल्या पानाला हात लावू नका हं. ते मी बसवलंय." ताईंना तेव्हाही जरा चमत्कारिक वाटलं. कप्तानांना साधा कागद सरळ चिकटवता येत नसे, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

मधलं पान म्हणजे अभ्यासाचा कणा. त्यावर एकच पाकीट होतं. पाण्यावर उतरणाऱ्या एका विमानाने ते निघालं, विमान किनाऱ्याजवळ कोसळलं, टपालाची थैली खाऱ्या पाण्यात पडून राहिली. थैली वर काढली तेव्हा डिंक विरघळून तिकीट केव्हाच वाहून गेलं होतं. टपालवाल्यांनी पाकीट वाळवलं, त्यावर 'समुद्राच्या पाण्याने खराब' असा जांभळा शिक्का मारला, पाठवणाऱ्याने लिहिलेल्या 'विमानाने' ह्या शब्दावर मेणाच्या लाल पेन्सिलीने दोन जाड रेघा ओढल्या आणि ते जहाजावर चढवलं. दोन रेघा म्हणजे टपालाची खूण: विमान इथवरच, पुढे जहाज. असं पाकीट मंडळात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

पान जरा तिरकं बसलं होतं. ताईंना तिरकं काही खपत नसे, गिऱ्हाइकाचा चष्मा तिरका दिसला तर त्या रस्त्यात थांबवून सरळ करून द्यायच्या. हात लावू नका म्हटलेलं विसरून त्यांनी पाकीट चिमट्याने अलगद बाहेर काढलं, भिंगाखाली धरलं, आणि तिरकेपणा विसरल्या.

शिक्क्याची जांभळी शाई पसरली होती. अक्षरांच्या कडा फुटून भोवती धूसर पाणी उतरलं होतं. हा शिक्का पाकीट वाळल्यावर मारलेला, मग तो भिजला कसा? 'भिजलं' असं सांगणारा शिक्का स्वतः भिजलेला, म्हणजे पाणी शिक्क्यानंतर आलं. डागाच्या कडेला मिठाची बारीक पांढरी रेघ असायची, भिंगाखाली ती लुकलुकायची. ती पार नाहीशी झाली होती. ताईंनी पाकीट नाकाशी नेलं. साबणाचा मंद वास आला.

साबण! मंडळातल्या कुणालाही ह्याचा अर्थ विचारा. पाकीट सजवायचं तर आधी धुतात, जुन्या खुणा घालवतात, मग नव्या उठवतात. ताईंनी हे पाकीट पूर्वी पाहिलं होतं, शिक्का तेव्हा लख्ख होता असं त्यांना आठवत होतं. पण आठवण म्हणजे माणसाचं बोलणं. कागद वेगळंच बोलत होता. एक तर हे पाकीट ते नव्हेच, नाही तर ते आणखी 'समुद्री' दिसावं म्हणून कुणीतरी त्याला पाणी पाजलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण? पाकीट कप्तानांच्या कपाटातून बाहेर पडत नसे.

ताईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि पान छातीशी धरून निघाल्या. चालताना मनात एकच घोळत होतं, ह्या माणसाच्या शब्दावर आपण आपला अर्धा अभ्यास उभा केलाय. हे परीक्षकांच्या नजरेला आलं तर दोघंही संपणार. नाही आलं तर? तर त्याहून वाईट, कारण आपल्याला कळलेलं असणार आणि तरी आपण गप्प बसलेलो असणार.

कप्तानांनी दार उघडलं ते चार बोटं. एरवी ताई आल्या की ते जिन्यापासून बोलायला लागायचे.

"इतक्या सकाळी?"

"आत येऊ का?"

"नको... म्हणजे, पसारा आहे जरा."

त्यांच्या खांद्यावरून ताईंना मागची गॅलरी दिसली. दोरीवर कपड्यांच्या शेजारी वर्तमानपत्राचं एक पान चिमट्यांनी अडकवलं होतं. त्याच्यापुढे कॅलेंडरचं पान, टपटप गळत असलेलं. म्हणजे सराव चाललाय! आधी रद्दीवर पाणी टाकून बघायचं, डाग कसा पडतो, शाई कशी फुटते. कप्तानांनी त्यांची नजर पाहिली आणि दार आणखी लोटलं.

ताईंनी पान पुढे धरलं. "कप्तान, हा शिक्का भिजलाय."

कप्तानांनी पान हातात घेतलं नाही.

"साबणाचा वास येतोय ह्याला. मला सांगा, आधीच्या मालकाने केलं, विकणाऱ्याने केलं, तुम्हाला कुणी फसवलं. काहीही सांगा."

आतून वहिनींचा आवाज आला. वहिनी म्हणजे कप्तानांच्या पत्नी. "कोण आलंय हो?"

"कुणी नाही," कप्तान वळून म्हणाले.

हे 'कुणी नाही' ताईंना तोंडात मारल्यासारखं लागलं. इतक्या वर्षांचा चहा त्यांनी ह्याच घरात प्यायला होता.

"मी केलं," कप्तान उंबऱ्याकडे बघत म्हणाले. "मीच सजवलं. पान काढून टाका, ताई. आणि माझं नावही काढा. तुमचा भाग तुमच्या नावावर लावा."

"का पण? एवढं चांगलं होतं ते!"

"केलं, झालं."

"मग माझ्याकडे दिलंत कशाला?"

"नसतं दिलं तर तुम्ही कारण विचारलं असतं," ते म्हणाले आणि दार लागलं.

जिना उतरताना ताईंना रडू येईना की रागावता येईना. वकिलांना बाहेर काढणारा हाच माणूस! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ती म्हण कप्तानांसाठीच केली असावी. कोपऱ्यावर येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात त्यांची सगळी जुनी पाकिटं पुन्हा उलगडली आणि प्रत्येकावर संशय घेतला. एक सजवलं म्हणजे बाकीच्यांवर विश्वास कुणी ठेवायचा.

सभागृहात चौकटी लागल्या होत्या. ताईंनी आपली पानं एकेक करून बसवली आणि मधली जागा रिकामी सोडली. ती रिकामी जागा दारातून आल्या आल्या डोळ्यांत भरत होती. मंडळाचे सेक्रेटरी घिरट्या घालत होते. "ताई, तिथे काय लावायचंय? यादीत तर ते मुख्य पान आहे. परीक्षक ते बघायला म्हणूनच लवकर येतायत." ताई म्हणाल्या, "बघू." पान त्यांच्या हातात पाठमोरं होतं.

कारण सांगावंच लागणार होतं. खोटं सांगितलं तर इतकी वर्षं कागदाचं ऐकल्याचा टेंभा कशाला मिरवला? आणि खरं सांगितलं तर कप्तानांना ह्या दारातून पुन्हा आत येता येणार नाही. दोन्हीकडून जीव टांगणीला लागला होता.

परीक्षक आले. उंच, सडपातळ, बोलणं मोजूनमापून. पहिल्या चौकटीपासून त्यांनी सुरुवात केली, खिशातलं भिंग काढलं, मान हलवली, पुढे सरकले. ताईंना त्यांच्या पावलांचा आवाज नको इतका स्पष्ट ऐकू येत होता. शेवटी ते रिकाम्या जागेपुढे थांबले.

"हे काय?"

ताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ते मी सांगतो."

कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. एका हाताने त्यांनी वहिनींचं मनगट धरलं होतं, रस्ता ओलांडताना धरतात तसं, आणि सभागृहात येऊनही सोडलं नव्हतं. वहिनी छान साडी नेसून, सगळ्यांकडे बघून हसत होत्या. कप्तान परीक्षकांपुढे ताठ उभे राहिले.

"ते पान काढायला मीच सांगितलं. त्यावरचं पाकीट सजवलेलं आहे. मी सजवलं. ह्या बाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, त्यांचा भाग वेगळा तपासा. माझं सभासदत्व..."

सेक्रेटरींच्या हातातली यादी खाली आली. ताईंना वाटलं, ह्या माणसाचा आता राग यावा, पण राग येईना.

"अगं बाई, हे आपलंच की!" वहिनी म्हणाल्या.

त्या ताईंच्या हातातल्या पानाकडे बघत होत्या. मनगट सोडवून जवळ आल्या आणि पाकिटावरून कौतुकाने बोट फिरवलं.

"किती छान निघालं बघा. काय मळलं होतं! मिठाचे पांढरे डाग पडले होते कडेला. मी धुतलं ना. साबण नुसता हाताला लावून फिरवला हं, घासलं नाही मुळीच. कोमट पाणी घेतलं आणि सावलीत वाळत घातलं. उन्हात कागद पिवळा पडतो."

कप्तानांनी डोळे मिटून घेतले होते.

ताईंना गॅलरीतली दोरी आठवली. टपटप गळणारं कॅलेंडर आठवलं. वर्षभरात तीनदा वहिनींच्या चष्म्याच्या काचांवरचा थर गरम पाण्याने उडाला होता आणि तीनदा त्यांनी दुकानात विचारलं होतं, "मी ह्याआधी आले होते का हो?" तेव्हा ताईंनी हसण्यावारी नेलं होतं. शाई कशी फुटली ते त्यांनी बिनचूक वाचलं होतं, साबणाचा वासही बरोबर ओळखला होता. ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं एका टेबलाशी काढली त्याचा चेहरा मात्र दारात चार बोटं अंतरावर असून वाचता आला नाही. ताईंना स्वतःची इतकी लाज वाटली की खाली बघावंसं वाटलं.

वहिनींना आजूबाजूची शांतता जाणवली. हसू मावळलं. त्यांनी कप्तानांकडे पाहिलं. "चुकलं का हो माझं काही?"

पाकिटाला उघड्या बोटाने शिवलं म्हणून ज्या माणसाने कितीजणांना झापलं होतं, तो माणूस म्हणाला, "छे. मळकंच होतं ते."

मग ते ताईंजवळ येऊन हलक्या आवाजात बोलले. "तिने शब्द घेतला होता माझ्याकडून. अजून बरंच काही आठवत होतं तेव्हा. म्हणाली, कुणाला सांगू नका. एकदा कळलं की लोक आपल्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात."

"म्हणून सजवलं म्हणालात?"

"मला काय, मंडळ नाही तर नाही. तिला लोक लागतात."

तोवर सेक्रेटरी लगबगीने खुर्ची घेऊन आले होते. वहिनींच्या तोंडाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत ते मोठ्याने म्हणाले, "वहिनी... तुम्ही... बसता... का... इथे?" वहिनी गोंधळून दोन पावलं मागे सरल्या. कप्तानांचा चेहरा पांढरा पडला.

ताई पुढे झाल्या आणि नेहमीच्या भरधाव सुरात कडाडल्या, "काय हो वहिनी, चष्मा गरम पाण्यात घालू नका म्हणून किती वेळा बजावलंय? आता कागदावर आलात होय! उद्या मला धुवून दोरीवर टांगाल!"

वहिनी खुदकन हसल्या. "तुम्ही मळलात तर टांगीन!"

"टांगा, पण सावलीत."

सेक्रेटरी खुर्ची घेऊन गुपचूप मागे गेले. परीक्षकांनी मघाशीच ताईंच्या हातातलं पान घेऊन भिंगाखाली धरलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, घसा साफ केला.

"डाग समुद्राचा आहे असं आता कागदावरून सिद्ध करता येत नाही. ह्या पानाला गुण देता येणार नाहीत. ते पान नसेल तर बाकीच्या मांडणीचेही कमी होतील."

"कमी करा," ताई म्हणाल्या.

"ठेवायचं असेल तर मात्र जे झालं ते खाली स्पष्ट लिहावं लागेल."

ताईंनी कप्तानांकडे पाहिलं. लिहिणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. कप्तान बराच वेळ वहिनींकडे बघत राहिले. त्या पाकिटावरचा पत्ता वाचत होत्या, ओठ हलवत, अगदी रमून.

"ती स्वतःच सांगून बसली सगळ्यांना," ते शेवटी म्हणाले. "लिहा. नुसतं एवढंच लिहा."

ताईंनी पेन काढलं आणि पानाखाली आपल्या ठळक अक्षरात लिहिलं, 'हे पाकीट दोनदा भिजलं. एकदा समुद्रात, एकदा घरी.' पान चौकटीत बसवलं. जरा तिरकं बसलं, आणि ह्या वेळी त्यांनी ते सरळ केलं नाही.

परीक्षक पुढच्या चौकटीकडे गेले, लोक पुन्हा बोलू लागले. ताई चौकटीची काच पुसायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळल्या. वहिनींनी काचेवर बोट टेकवलं. "ह्या दोन लाल रेघा कसल्या हो? ह्या काही धुतल्याने जाईनात."

"मेणाच्या आहेत त्या, जात नाहीत," कप्तान म्हणाले. "त्याचा अर्थ विमान इथवरच होतं. इथून पुढे जहाज."

"मग पोचलं का?"

"पोचलं. वेळ लागला, पण पोचलं."

वहिनींनी समाधानाने मान डोलावली. थोडा वेळ गेला. त्या पुन्हा पाकिटाकडे वळल्या आणि नव्याने दिसल्यासारखं त्यांनी बोट टेकवलं.

"ह्या दोन रेघा कसल्या हो?"

कप्तानांनी त्यांचा हात हातात घेतला. "विमान इथवरच होतं," ते म्हणाले, ना मोठ्याने, ना सावकाश. "इथून पुढे जहाज."